नातवंडांना वाचून दाखवायचं पुस्तक कानानं निवडावं

पुस्तक हातात आलं की आपण मुखपृष्ठ बघतो, चित्रं चाळतो, मागे छापलेला वयोगट वाचतो आणि घेऊन टाकतो. मूल स्वतः वाचणार असेल तर एवढं पुरतं. आजी किंवा आजोबा वाचणार आणि नातवंड ऐकणार असेल, तर आणखी एक काम उरतं. पुस्तकातली दोन पानं तिथल्या तिथे, आवाज काढून वाचायची. एक पहिलं आणि एक मधलं कुठलंही. पहिल्या पानावर लेखकानं हात फिरवलेला असतोच, भाषेचा खरा पोत मधल्या पानावर कळतो.

त्या दोन पानांत आधी श्वासाकडे लक्ष द्या. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलासाठी दहा-बारा शब्दांचं वाक्य पुरेसं लांब असतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य लांबलं की कोणी काय केलं हे ऐकणाऱ्याला अगदी शेवटी कळतं. ‘जो ससा काल तळ्याकाठी कोल्ह्याला भेटला होता आणि ज्यानं त्याला गुहेचा रस्ता दाखवला होता, तो आज…’ इथपर्यंत येताना चार वर्षांचं मूल ससा विसरलेलं असतं. डोळ्यांनी वाचणारा मागे जाऊन बघू शकतो, कानांनी ऐकणाऱ्याला ती सोय नाही. अशी दोन-चार वाक्यं असतील तर वाचताना तोडून घेता येतात. पानोपानी असतील तर ते पुस्तक ठेवून द्या.

मग नावं. राजू आणि राणू, मिनी आणि मिली अशा जोड्या छापलेल्या वेगळ्या दिसतात, ऐकताना त्यांची सरमिसळ होते. अशा वेळी एका पात्राचं नाव बदलून वाचायला काहीच हरकत नाही. बदललेलं नाव मात्र पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवा, कारण पुढच्या खेपेला तुम्ही ते विसराल आणि नातवंड विसरणार नाही.

संवादांची एक खास अडचण आहे. बोलणाऱ्याचं नाव बऱ्याचदा बोलणं संपल्यावर येतं: ‘कोण आहे तिकडे? दार उघड!’ वाघ गुरगुरला. वाचणारा हे साध्या आवाजात वाचून मोकळा होतो आणि मग कळतं की गुरगुरायचं होतं. यावर दोन उपाय. संवादाआधी समासात पात्राचं पहिलं अक्षर पेन्सिलीनं लिहायचं, ‘वा’, ‘स’, ‘म्हा’. किंवा वाचतानाच ‘वाघ गुरगुरला’ आधी घ्यायचं आणि मग त्याचं बोलणं. गोष्ट तोंडी सांगताना आपण हेच करतो.

पद्यातलं पुस्तक असेल तर टाळी देत वाचा. ठरावीक जागी टाळी पडत गेली तर घ्या. एखाद्या ओळीत दोन अक्षरं कोंबावी लागली किंवा शेवटचा शब्द ओढावा लागला, तर ती ओळ रोज तशीच अडखळणार. भाषांतरित पद्यात हे फार होतं, यमक जुळलेलं असतं आणि ठेका सुटलेला असतो. लहान मुलं अर्थाआधी ठेका पकडतात, त्यामुळे ठेका जिथे मोडतो तिथेच पाठांतर थांबतं. गद्य भाषांतरं टाळण्याचं कारण नाही, पण ‘त्याच्याद्वारे’, ‘असे असूनही’, ‘ते एक सुंदर असे घर होते’ अशी जिभेवर न बसणारी वाक्यं ओळीनं भेटू लागली की वाचणारा पाचव्या पानावर दमतो.

चित्रांची परीक्षा वेगळी. पुस्तक हातभर लांब धरून बघा. मुख्य पात्राचा चेहरा आणि त्यावरचा भाव तेवढ्या अंतरावरून कळला पाहिजे. वाक्य आणि त्याचं चित्र समोरासमोरच्या पानांत असावं. चित्र पुढच्या पानावर गेलं की मूल ऐकणं सोडून पान उलटण्याच्या मागे लागतं. रहस्य मात्र उलट हवं. ‘दार उघडलं तर आत होता…’ हे उजव्या पानाच्या तळाशी आणि आत कोण होतं ते पान उलटल्यावर. ज्यांनी पुस्तक विचारपूर्वक मांडलं आहे त्यांनी हे सांभाळलेलं असतं. पान उलटण्याच्या जागा नुसत्या चाळूनही पुस्तकाचा दर्जा बराचसा ओळखता येतो. जाड पुस्तक डिंकानं बांधलेलं असेल तर ते पूर्ण उघडत नाही आणि मधल्या घडीत चित्राचा तुकडा गडप होतो. नेमका त्या घडीत कोणाचा चेहरा येतोय का, तेही बघून घ्या.

चित्रपुस्तकं बहुधा ३२ पानांची असतात. छपाईच्या मोठ्या कागदाला घड्या घालून ८ किंवा १६ पानांचा जुडगा तयार होतो, म्हणून पानांची संख्या त्या पटीत येते. नावाची वगैरे पानं वगळली की गोष्टीला समोरासमोरच्या पानांच्या बारा ते चौदा जोड्या उरतात. शांतपणे वाचलं तर सहा ते दहा मिनिटं, गप्पा मारत वाचलं तर पंधरा-वीस. झोपायच्या वेळी ‘अजून एक’ला हो म्हणण्याआधी हा हिशेब डोक्यात असावा.

शेवटच्या पानावर चौकटीत ‘तात्पर्य’ छापलेलं असेल तर तेवढ्यासाठी पुस्तक नाकारू नका, चौकटीवर हात ठेवा. पंचतंत्रातल्या गोष्टी एकीच्या पोटात दुसरी अशा गुंफलेल्या आहेत आणि त्यांतली खरी मजा प्राण्यांच्या वादावादीत आहे. संक्षिप्त आवृत्त्यांत वादावादी कापली जाते आणि उपदेश तेवढा शिल्लक राहतो. त्यामुळे अशा गोष्टींची पुस्तकं निवडताना संवाद जास्त असलेली आवृत्ती घ्यावी, भले ती चार पानं मोठी असो.

वयाप्रमाणे काय चालतं

पहिल्या वर्षात गोष्ट नसली तरी चालते. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं बरं दिसतं, त्याहून लांबचं धूसर. म्हणून पुस्तक तेवढ्या अंतरावर धरा आणि पानावर एकच मोठं, ठळक, गडद-फिकट चित्र असू द्या. पुठ्ठ्याची पानं आणि गोल कोपरे हवेत, कारण पुस्तक तोंडात जाणारच. दोन-तीन मिनिटं झाली की बाळ मान वळवतं. तेवढं वाचन पुरे, पान अर्धवट राहिलं तरी. बटण दाबल्यावर आवाज येणाऱ्या पुस्तकांत चपटे बटण-सेल असतात आणि ते गिळले गेले तर अन्ननलिकेला गंभीर इजा होते. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल किंवा तो सैल असेल तर असं पुस्तक लहान मुलाच्या हाती देऊच नका.

एक ते अडीच वर्षं या काळात पानाला एक ओळ, प्राण्यांचे आवाज आणि पानावर उघडायच्या कागदी खिडक्या असलेली पुस्तकं चालतात. खिडकी पहिल्याच दिवशी फाटते, कारण मूल ती बिजागरीच्या दिशेनं न उघडता सरळ स्वतःकडे ओढतं. नवं पुस्तक आणल्यावर, वाचायच्या आधीच, प्रत्येक खिडकीच्या घडीवर आतून रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावून टाका. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुस्तकाचं आयुष्य कितीतरी वाढतं.

अडीच ते चार हे पालुपदाचं वय. तेच वाक्य दर दोन पानांनी परत येणारी गोष्ट या वयात सगळ्यांत चांगली चालते. दार उघडायला सांगणारा कावळा आणि दर वेळी नवं कारण काढणारी चिमणी, किंवा भोपळ्यात बसून जंगलातून परतणारी म्हातारी, या लोककथा इतक्या पिढ्या टिकल्या त्या या बांधणीमुळे. प्रसंग नवा, शब्द तेच. तिसऱ्या खेपेला मूल आपसूक पालुपद म्हणतं. याच घाटाची आणखी एक तऱ्हा म्हणजे साखळीची गोष्ट, जिच्यात दर पानाला एक पात्र वाढतं आणि मागची सगळी पात्रं पुन्हा मोजावी लागतात. साखळी सहा-सात कड्यांची असावी. दहाच्या पुढे गेली की वाचणाऱ्याचा श्वास आणि ऐकणाऱ्याचा धीर दोन्ही संपतात.

चार ते सहा वर्षांच्या मुलांना फसगत कळते. पात्राला माहीत नाही पण आपल्याला माहीत आहे, यातली गंमत याच सुमाराला चढू लागते. शब्दांत एक आणि चित्रात भलतंच असं सांगणारी पुस्तकं आता आणा. शब्दांत ‘घरात कोणी नव्हतं’ आणि चित्रात पलंगाखाली शेपूट! बिनशब्दांची चित्रपुस्तकंही इथे फार उपयोगी पडतात. चष्मा सापडत नसला तरी चालतं आणि गोष्ट नातवंड सांगतं.

सहा-सात वर्षांनंतर प्रकरणांची पुस्तकं. स्वतः वाचायला लागलेल्या मुलाला ऐकून जितकं समजतं तितकं वाचून समजत नाही, ही तफावत पुढची काही वर्षं राहते. म्हणून त्याला वाचायला जे पुस्तक जड जातं, ते ऐकायला अगदी योग्य असतं. प्रकरण दहा ते वीस मिनिटांत संपावं. त्याहून मोठं असेल तर थांबायची जागा आधी शोधून खूण करा, प्रसंग ऐन रंगात आलेला असेल तिथे. दुसऱ्या दिवशी सुरुवातीला ‘काल काय झालं होतं?’ हे नातवंडाला सांगू द्या, दोन वाक्यांत. त्यानं चुकीचं सांगितलं तर कालचं कुठलं पान निसटलं ते लगेच कळतं.

वाचायच्या आधी

पुस्तक एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं, एकट्यानं वाचून काढा. ते नुसत्या सरावासाठी नाही. आजारी आई, मेलेलं कुत्रं, काळ्या रंगाची थट्टा, दुष्टच असणारी सावत्र आई असं काही गोष्टीत असेल तर ते मुलासमोर प्रथमच भेटू नये. मृत्यूचा प्रसंग असला म्हणून गोष्ट टाळायची गरज नाही, पण नुकतंच घरात काही घडलं असेल तर ती आज वाचायची की नंतर, हे आधी ठरवता येतं. थट्टा किंवा दुजाभाव असलेलं वाक्य सरळ गाळावं असं आमचं मत. मूल मोठं असेल तर वाचून त्यावर बोलता येतं, तीन वर्षांच्या मुलापुढे त्याची चर्चा करण्यात अर्थ नाही.

वेग मोजून बघा. एका पानावरचे शब्द मोजा, ते पान घड्याळ लावून वाचा. लहान मुलासाठी मिनिटाला ९० ते ११० शब्द हा आरामाचा वेग आहे. बहुतेक जण नकळत १५० च्या पुढे जातात, कारण आपण ऐकवत नसतो, वाचून संपवत असतो. वेग कमी करायचा म्हणजे प्रत्येक शब्द ताणायचा नाही. वाक्यं नेहमीसारखी बोला, वाक्यांमधली जागा वाढवा.

चष्म्याचा मुद्दा कोणी बोलत नाही, पण अर्ध्या अडचणी तिथल्या. वाचायचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटर अंतरासाठी दिलेला असतो. मांडीवर मूल आणि त्याच्या मांडीवर पुस्तक असं बसलं की अंतर ५०-६० वर जातं आणि अक्षरं पुसट होतात. मूल मांडीवर न घेता शेजारी बसवलं आणि पुस्तक दोघांच्या मध्ये, थोडं उभं धरलं की हा प्रश्न सुटतो. लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या प्रोग्रेसिव्ह काचेत वाचनाचा भाग खाली असतो. पलंगावर आडवं होऊन पुस्तक वर धरलं की तो भाग जागेवर येत नाही, मान दुखते आणि चिडचिड नातवंडावर निघते. आडवं होऊन वाचायची सवय असेल तर नुसत्या वाचनाचा वेगळा चष्मा करून घ्यावा. पुस्तकातली अक्षरं बारीक असतील तर मजकूर मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून पानावरच चिकटवायची युक्तीही चालते, अर्थात पुस्तक ग्रंथालयाचं नसेल तर.

दिवा मागून, खांद्यावरून यावा. डोक्यावरच्या दिव्याचा झोत चकचकीत कागदावर पडला की मुलाला चित्राऐवजी पांढरा डाग दिसतो, आणि तुमचा कोन वेगळा असल्यानं तुम्हाला तो दिसतही नाही. मूल सारखं डोकं हलवत असेल तर आधी हे तपासा.

वय वाढतं तसे उंच पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात, आणि लहान मुलांचा आवाज नेमका त्याच पट्टीतला. ज्या कानानं बरं ऐकू येतं त्या बाजूला नातवंडाला बसवा, टीव्ही बंद ठेवा, पंख्याचा वेग कमी करा. मुलाचं बोलणं दोनदा तीनदा ‘काय?’ म्हणून परत विचारलं गेलं की ते बोलायचंच सोडतं. कवळी असेल तर स, श, च, ज हे उच्चार घाईत घसरतात. सावकाश वाचणं हाच त्यावर इलाज. जवळ पाण्याचं भांडं असू द्या, घशाची कोरड आणि कवळीचा त्रास दोन्हींसाठी.

आवाज काढताना घसा आवळू नका. राक्षसाचा आवाज घशातून खरवडून काढला तर दुसऱ्या पुस्तकाला आवाज बसतो. पात्रं वेगळी करायला वेग आणि पट्टी एवढंच पुरतं: हत्ती सावकाश आणि खालच्या पट्टीत, उंदीर भरभर आणि थोडा वर. एका गोष्टीत तीनपेक्षा जास्त आवाज काढायला जाऊ नये, चौथ्या पात्रापासून तुमचाच गोंधळ होतो. हळू बोलायचा प्रसंग आला तर जोर लावून कुजबुजू नका, त्यानं घशावर नेहमीच्या बोलण्यापेक्षा जास्त ताण येतो. आवाज खाली आणा, मुलाच्या जवळ झुका.

वाचताना

मुखपृष्ठावर अर्धा मिनिट द्या. नाव वाचा, लेखकाचं आणि चित्रकाराचंही. ‘हा कुठे निघालाय?’ एवढा एक प्रश्न. मग आत.

पहिल्या खेपेला गोष्ट न थांबता वाचावी. प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी. मुलाला अजून गोष्टीचा शेवट माहीत नसताना मध्येच ‘फुलाचा रंग कोणता?’ असं विचारलं की त्याला गोष्टीतून ओढून बाहेर काढल्यासारखं होतं. अपवाद एकच, मुलानं स्वतःहून विचारलं तर थांबायचं.

पुढच्या खेपांना वाचनाची एक पद्धत फार उपयोगाची आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली तिच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिचं सार असं की हळूहळू मुलानं गोष्ट सांगणारं व्हावं आणि मोठ्या माणसानं ऐकणारं. करायचं इतकंच: चित्राकडे बोट दाखवून काहीतरी विचारायचं, मुलाच्या उत्तराला दाद द्यायची, त्याच्या उत्तरात एक-दोन शब्दांची भर घालून ते परत म्हणायचं आणि मुलाला तसं म्हणायची संधी द्यायची. म्हणजे असं:

‘हे कोण आलं?’

‘भूभू.’

‘हो, भूभू! ओला झालेला भूभू. कोण आलं?’

‘ओला भूभू.’

तीन वर्षांनंतर ‘हे काय’, ‘ते काय’ कमी करून ‘आता हा काय करेल?’, ‘ती का रुसली असेल?’, ‘तू असतास तर?’ यांकडे वळा. दोन पानांना एक प्रश्न ही वरची मर्यादा समजा, त्यापुढे गोष्टीची तोंडी परीक्षा होते. विचारल्यावर मनात पाच अंक मोजा. दोन अंकांवरच आपण उत्तर सांगून टाकतो, आणि मूल तिसऱ्या-चौथ्या अंकाला तोंड उघडणार असतं.

मराठी वाक्याच्या रचनेचा इथे चांगला फायदा घेता येतो. क्रियापदाच्या आधी थांबा. ‘चिमणीनं हळूच दार…’ आणि मुलाकडे बघा. ‘उघडलं!’ सांगितलंच जातं. ‘लावलं!’ आलं तर आणखी मजा. पालुपदाच्या ओळीतला शेवटचा शब्द, मग शेवटचे दोन, मग अर्धी ओळ असं सोडत गेलं की पंधरा दिवसांत सगळी ओळ नातवंडाच्या तोंडी असते.

अवघड शब्द आला तर बदलू नका. रोजच्या बोलण्यात न येणारे शब्द मुलांना पुस्तकातूनच भेटतात. ‘घनदाट अरण्य’ असेल तर तेच वाचा आणि त्याच दमात ‘झाडंच झाडं, ऊनसुद्धा खाली येत नाही असं’ एवढं जोडून पुढे जा. वाचन थांबवून अर्थ समजावत बसलं तर गोष्ट निसटते. चार वर्षांच्या पुढे अधूनमधून ओळीखालून बोट फिरवा. ‘वेलांटी आधी का लिहिलीय, आवाज तर नंतर येतो?’ असा प्रश्न आला की समजा मूल अक्षरं न्याहाळू लागलंय. उत्तर साधं द्यावं: र्‍हस्व वेलांटी लिहायची आधी, म्हणायची नंतर.

तेच पुस्तक चौदाव्यांदा मागितलं जाईल. द्यावं. शब्द आणि वाक्यांची वळणं पुन्हा पुन्हा ऐकूनच पक्की होतात, आणि पुढे काय होणार हे माहीत असण्यात मुलाला सुख असतं. कंटाळा तुमचा असतो, तो काम बदलून घालवता येतो. एके दिवशी पान उलटायचं काम नातवंडाचं. एके दिवशी शब्द अजिबात न वाचता नुसत्या चित्रांवरून गोष्ट. एके दिवशी मुद्दाम चूक करायची, ‘आणि मग हत्ती बिळात शिरला’, म्हणजे दुरुस्त करताना नातवंड अख्खं वाक्य बोलतं. पानं मात्र लपवून वगळू नका. पकडले जाल, आणि पुढचे आठ दिवस प्रत्येक पानावर पहारा बसेल.

अडतं कुठे

मूल उठून जातं. दोन-तीन वर्षांची मुलं हात चालवत, खेळत ऐकतात. ते गाडी फिरवत असेल तर वाचत राहा, आवाज जरा हळू करा, बहुधा जवळ येतं. वाचन थांबल्यावर त्यानं मान वर केली नाही तर पुस्तक मिटा, आजचं झालं.

भीती वाटते. तोंड लपवलं की पुस्तक फटकन बंद करू नका, त्यानं वाघ आत तसाच राहतो. शेवटचं पान उघडून सगळे सुखरूप असल्याचं दाखवा आणि मग मागे येऊन वाचायचं का ते विचारा. नको म्हणालं तर महिनाभर ते पुस्तक बाजूला.

झोपायच्या वेळी वाचल्यावर मूल जास्तच जागं होतं. बहुतेक वेळा पुस्तकाची निवड चुकलेली असते. पाठलाग, लपाछपी, आरडाओरडा असलेल्या गोष्टी दुपारी. रात्री घरी परतण्याच्या, निजण्याच्या, हळूहळू शांत होत जाणाऱ्या गोष्टी. दुसरं पुस्तक पहिल्याहून छोटं असावं, आणि किती पुस्तकं ते पलंगावर चढायच्या आधी ठरलेलं असावं.

दोन वयांची नातवंडं एकदम असतील तर मधल्या वयाचं पुस्तक शोधू नका, ते दोघांनाही आवडत नाही. आधी धाकट्याचं, पाच मिनिटांचं. त्यात मोठ्याला एका पात्राचा आवाज द्या. मग मोठ्याचं, आणि धाकट्याला मांडीवर घेऊन चित्रात काहीतरी शोधायला लावा. धाकटं कंटाळून खाली उतरलं तर उतरू द्या.

व्हिडिओ कॉलवरून

लांब राहणाऱ्या नातवंडांसाठी एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्या, एक तिकडे, एक इकडे. स्क्रीनवर पुस्तक धरून दाखवलं की चित्र हलतं, चमकतं आणि तुमचा चेहरा झाकला जातो. मुलाच्या हातात पुस्तक आणि समोर तुमचा चेहरा हे सगळ्यांत चांगलं. दुसरी प्रत मिळत नसेल तर फोन स्टँडवर लावून कॅमेरा खाली टेबलावरच्या पुस्तकावर येईल असा ठेवा. पुढच्या कॅमेऱ्यानं तुमच्या स्क्रीनवर अक्षरं उलटी दिसली तरी बहुतेक ॲपमध्ये समोरच्याला ती सुलटीच दिसतात, म्हणून सेटिंग उलटसुलट करत बसू नका.

आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो, त्यामुळे पालुपद एकदम म्हणायला गेलं की फक्त कालवा होतो. आलटूनपालटून म्हणा: अर्धी ओळ तुमची, अर्धी त्याची. प्रश्नानंतर पाच अंकांऐवजी सात मोजा. ‘पान उलट’ हे शब्द दर वेळी सारखेच ठेवा. दहा मिनिटं पुष्कळ झाली. तीन वर्षांच्या आतल्या मुलाशेजारी कोणीतरी मोठं माणूस हवं, चित्रावर बोट ठेवायला. दीड वर्षाच्या आत स्क्रीन टाळा असं अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते, पण व्हिडिओ कॉलचा अपवाद करते, तेव्हा त्या धास्तीनं हे बंद ठेवू नये.

वेळा जुळत नसतील तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. एका फाइलमध्ये एकच गोष्ट, सुरुवातीला पुस्तकाचं नाव, आणि पान उलटायच्या वेळी भांड्यावर चमच्याची एक टिचकी. टिचकीनंतर तीन सेकंद थांबा, चिमुकल्या बोटांना पान सुटं करायला तेवढा वेळ लागतो.

नातवंड स्वतः वाचू लागल्यावर

वाचून दाखवणं बंद करू नका, वाटून घ्या. पहिले काही आठवडे पान तुमचं आणि एक ओळ त्याची, किंवा निवेदन तुमचं आणि एका पात्राचे संवाद त्याचे. अडलं की पाच अंक मोजा, मग शब्द सांगून टाका. तोडून तोडून वाचायला लावू नका, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ असलेले शब्द तर तसे फुटतही नाहीत. चूक झाली पण अर्थ बिघडला नाही, ‘घर’च्या जागी ‘घरी’ वाचलं गेलं, तर टोकू नका. पुस्तक त्याला जड आहे का हे बघायला बोटं मोजा. मध्यम मजकुराच्या एका पानावर अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. पाचही बोटं दुमडली गेली तर ते पुस्तक तुम्ही वाचायचं, आणि त्याच्या ओळींसाठी त्याहून सोपं दुसरं काढायचं.